गॅस गीझर पेटत नाही, तेव्हा

हिवाळ्याचे दोन-अडीच महिने ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या घरांत पहाट लवकर होते. पूजेसाठी टेंभी नाक्यावरील जिनालयाकडे निघालेले वडीलधारे, सहा-साडेसहाची लोकल गाठणारा नोकरदार, सातच्या शाळेचा विद्यार्थी आणि या सर्वांच्या आधी उठलेली गृहिणी, अशा चौघांनाही तासाभरात स्नानासाठी गरम पाणी हवे असते. भारनियमनाच्या काळात या परिसरातील अनेक कुटुंबांनी विजेच्या गीझरऐवजी गॅसचा गीझर पत्करला. पुढे पाइप गॅस आला आणि ही सोय अधिकच रुळली. या यंत्राला साठवणीची टाकी नाही, विजेची जोडणी नाही. नळ उघडावा, टक्-टक् असा आवाज व्हावा, ज्योत पेटावी आणि क्षणात गरम पाणी यावे, इतके हे सोपे.

परंतु एखाद्या सकाळी टक्-टक् होत राहते आणि ज्योत पेटत नाही. कधी ज्योत पेटते आणि पाच-सहा सेकंदांत विझते. कधी तर आवाजही होत नाही. घरात धांदल उडते. कारागीर येतो, झाकण उघडतो आणि बहुतेक वेळा एकच निदान करतो : ‘सर्किट गेले.’ नवे सर्किट बसते, पैसे दिले जातात, दोन दिवस सर्व सुरळीत चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. मग ‘नवे सर्किटही खराब निघाले’ असा निष्कर्ष निघतो आणि कोणी तरी ‘ही सेन्सरची वायर जोडून टाकू, कटकट संपेल’ असा उपाय सुचवतो. येथेच गैरसोयीचे रूपांतर धोक्यात होते.

गीझरमधील सर्किट, म्हणजे नियंत्रणाची ती लहानशी बंद डबी, हे पाणी तापवण्याचे साधन नाही. ते दारावरच्या पहारेकऱ्यासारखे आहे. पाणी वाहते आहे का, ज्योत खरोखर पेटली आहे का, यंत्र प्रमाणाबाहेर तापले तर नाही ना, हे तपासायचे आणि शंका येताच गॅस बंद करायचा, एवढेच त्याचे काम. म्हणून गीझर बंद पडला की पहिला प्रश्न ‘सर्किट कधी बदलायचे?’ हा नसावा. ‘सर्किटने गॅस का थांबवला?’ हा असावा. पुष्कळदा सर्किट बिघडलेले नसते. दुसरीकडे झालेला बिघाड ते प्रामाणिकपणे सांगत असते.

हे नीट समजण्यासाठी नळ उघडल्यापासून ज्योत पेटेपर्यंतचा क्रम लक्षात घ्यावा लागेल. नळ उघडताच वाहत्या पाण्याच्या दाबाने गीझरच्या तळाशी असलेला रबरी पडदा सरकतो. त्याला जोडलेली दांडी एक लहान स्विच दाबते किंवा मोकळा करते. या स्विचचा इशारा मिळाला की सर्किट जागे होते. त्याला लागणारी वीज दीड-दीड व्होल्टच्या दोन जाड सेलमधून, म्हणजे एकूण ३ व्होल्ट इतकीच मिळते. तेवढ्याच विजेतून ते ठिणगीसाठी मोठा दाब निर्माण करते आणि त्याच वेळी गॅसची विद्युत झडप उघडते. ठिणगीवर गॅस पेटतो. बर्नरजवळ दुसरी एक धातूची सुई असते. तिच्याकडून ज्योतीची खात्री पटली की ठिणगी थांबते आणि झडप उघडी राहते. ठरावीक सेकंदांत खात्री पटली नाही, तर झडप बंद होते.

ज्योतीची खात्री कशी पटते, हे कुतूहलाचे आहे. ज्योत डोळ्यांना केवळ प्रकाश वाटली, तरी तिच्यात विद्युतभारित कण असतात आणि त्यामुळे तिच्यातून अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहू शकतो. सुई, ज्योत आणि बर्नरचा धातू असे मंडल पूर्ण झाले की सर्किटला तो प्रवाह जाणवतो. प्रवाह इतका बारीक असतो की सुईवर काजळीचा किंवा पांढरट क्षाराचा पातळ थर बसला, सुई किंचित वाकली अथवा तिची तार सैल झाली, तरी तो तुटतो. अशा वेळी ज्योत समोर उत्तम जळत असली, तरी सर्किटच्या दृष्टीने ती नसतेच. न जळालेला गॅस घरात सुटतो आहे असे समजून ते झडप मिटवते, आणि त्याच्याकडे असलेल्या माहितीनुसार त्याचा हा निर्णय योग्यच असतो.

हेच तत्त्व थंड देशांतील घरोघरच्या गॅस फर्नेसमध्येही असते. न्यू जर्सीत किंवा टोरंटोत स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात राहून आलेल्या आईवडिलांनी तळघरातील ही भट्टी पाहिली असेल. आधी धूर बाहेर काढणारा पंखा सुरू होतो. मग हवेच्या दाबाचा स्विच तो पंखा खरोखर काम करीत असल्याचे कळवतो, मग गॅस पेटतो आणि शेवटी ज्योतीची नोंद होते. या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी नियंत्रण पट्टी गॅस बंद करते. पट्टीवरील छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि झाकणाच्या आतील तक्त्यावरून त्याचा अर्थ लावता येतो. तेथेही पट्टी बदलण्याची घाई पुष्कळांना होते आणि दोष मात्र ज्योत ओळखणाऱ्या मळलेल्या सुईत, तुंबलेल्या हवेच्या गाळणीत किंवा बाहेर जाणाऱ्या नळीत साचलेल्या बर्फात सापडतो. आपल्याकडील गीझरवर असा लुकलुकणारा दिवा बहुधा नसतो. त्यामुळे त्याची भाषा आवाजावरून आणि ज्योतीवरूनच ओळखावी लागते.

पहिले लक्षण म्हणजे नळ उघडूनही टक्-टक् न होणे. याचा अर्थ सर्किटला जाग आलेली नाही. कारण शोधताना प्रथम पाण्याकडे पाहावे. गीझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यातील गढूळ पाण्यानंतर किंवा गच्चीवरील टाकी धुतल्यावर ती गाळाने बुजते. उंच इमारतीत टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्याचा दाब सर्वांत कमी असतो. पाणीकपातीच्या दिवशी टाकीतील पातळी उतरली की तो आणखी घटतो आणि रबरी पडदा हलतच नाही. घोडबंदर पट्ट्यातील अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते. ते जड असेल, तर शॉवरच्या भोकांत आणि गीझरच्या नळीत क्षार जमतो. शॉवर बंद करून नुसत्या नळाखाली बादली लावताच गीझर पेटू लागला, तर दोष शॉवरमध्ये आहे, सर्किटमध्ये नाही.

पाणी पुरेसे असेल, तर सेल पाहावेत. न्हाणीघरातील बाष्पामुळे सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. सेल नवे असूनही त्यांतील वीज पुढे जात नाही. गंज कोरड्या फडक्याने पुसावा, दोन्ही सेल एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदलावेत, दिशा तपासून बसवावेत. एक जुना आणि एक नवा सेल घालण्याची काटकसर टिकत नाही.

दुसरे लक्षण म्हणजे टक्-टक् होते, पण ज्योत येत नाही. येथे ठिणगी आहे, गॅस मात्र पोहोचत नाही, किंवा पोहोचला तरी ठिणगी योग्य जागी पडत नाही. सिलिंडर संपत आला आहे का, पाइप गॅसची चावी पूर्ण उघडी आहे का, हे आधी पाहावे. सिलिंडर नुकताच बदलला असेल किंवा वाहिनीचे काम झाले असेल, तर नळीत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीन प्रयत्न लागू शकतात. मात्र प्रत्येक प्रयत्नानंतर नळ बंद करून मिनिटभर थांबावे आणि खिडकी उघडी ठेवावी. न पेटलेला गॅस साचत असताना पुन्हा पुन्हा ठिणगी पाडणे घातक आहे.

याच लक्षणामागे थकलेले सेलही असतात, आणि ही गोष्ट पुष्कळांना चकवते. ‘टक्-टक् होते आहे, म्हणजे सेल चांगले आहेत’ हा समज बरोबर नाही. ठिणगी पडेल इतकी वीज सेलमध्ये उरलेली असते, पण झडप खेचून धरण्याइतकी नसते. कारागिराकडे मीटर असेल, तर सेल बाहेर काढून मोजण्यापेक्षा गीझर चालू करून, भार पडलेला असताना मोजावेत. मोकळ्या अवस्थेत ठीक दिसणारा सेल भाराखाली कोसळतो. सर्किट बदलताना कारागीर पुष्कळदा सेलही नवे घालतो. त्यामुळे गीझर सुरू होतो आणि श्रेय सर्किटला जाते.

तिसरे लक्षण म्हणजे ज्योत पेटते आणि काही सेकंदांतच विझते. ज्योत ओळखणाऱ्या सुईचे वर जे वर्णन आले, ते येथे लागू पडते. गॅसची चावी बंद करून, यंत्र थंड झाल्यावर जाणकार कारागिराने ती सुई हलक्या हाताने स्वच्छ करावी, तिची जागा तपासावी, तारेची टोके घट्ट करावीत. हे काम थोड्या वेळाचे असते. फार दिवस न वापरलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळ्याचे जाळे आणि धूळही असते. त्यामुळे हवेचे मिश्रण बिघडते आणि ज्योत नीट स्थिरावत नाही. उन्हाळाभर बंद राहिलेला गीझर हिवाळ्याच्या तोंडाशी पेटवण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून जयणेने साफसफाई करून घ्यावी. त्यात यंत्राचेही रक्षण आहे आणि आत आश्रय घेतलेल्या जिवांचेही.

चौथे लक्षण वास्तविक दोष नव्हेच. अनेक गीझर सलग २० मिनिटे चालल्यावर आपोआप बंद होतात. ही निर्मात्यानेच घातलेली मर्यादा असते. नळ बंद करून पुन्हा उघडला की ते पेटतात. एकामागून एक चौघांचे स्नान नळ बंद न करता उरकण्याच्या घाईत ही मर्यादा ओलांडली जाते आणि तक्रार सर्किटवर येते. बरोबर उलट असलेले लक्षण मात्र गंभीर आहे : नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहणे. पडद्याची दांडी किंवा झडप अडकल्याचे ते चिन्ह आहे. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता गॅसची चावी बंद करावी आणि दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरू नये.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दिसणारे आणखी एक कारण येथे सांगणे आवश्यक आहे. ज्या कुटुंबांनी सिलिंडर सोडून पाइप गॅस घेतला, त्यांच्यापैकी काहींनी जुना गीझर तसाच पुढे आणला. हे दोन गॅस वेगळे आहेत. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते आणि ते हवेपेक्षा जड असते. पाइपमधून येणारा वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेपेक्षा हलका असतो. त्यांचा दाब वेगळा, जळण्यासाठी लागणारी हवाही वेगळी. त्यामुळे बर्नरच्या नोझलची भोके दोन्हींसाठी सारखी चालत नाहीत. सिलिंडरसाठी बनवलेला गीझर पाइप गॅसवर अशक्त जळतो. पाइप गॅससाठी बनवलेला सिलिंडरवर लावला, तर ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी धरणारी होते. गीझर कोणत्या गॅससाठी आहे, हे त्याच्यावरील पट्टीवर लिहिलेले असते. रूपांतर शक्य आहे किंवा नाही, हे निर्मात्याच्या अधिकृत सेवाकेंद्राकडून ठरवून घ्यावे. ओळखीच्या नळ-कारागिराने सुईने भोक मोठे करणे हे रूपांतर नव्हे.

पाणी, गॅस, सेल, स्विच, सुई आणि तारा ही सर्व तपासणी झाल्यावरही यंत्र जागे होत नसेल, तरच सर्किटकडे वळावे. त्यातही नवे सर्किट मूळ निर्मात्याचे आणि त्याच प्रकारचे असावे. दिसायला सारख्या डब्यांतही तारांची जोडणी आणि ज्योत तपासण्याचा कालावधी वेगळा असू शकतो. जुने सर्किट का गेले, याचाही शोध घ्यावा. वरून पाणी ठिबकत असेल किंवा न्हाणीघरातील वाफ सरळ त्याच्यावर जात असेल, तर नवे सर्किटही त्याच वाटेने जाईल.

आता त्या ‘वायर जोडून टाकू’ या उपायाकडे वळावे. गीझरमध्ये अति उष्णता ओळखणारा एक सेन्सर असतो. काही यंत्रांत हवेतील प्राणवायू कमी झाल्यावर गॅस बंद करणारी व्यवस्थाही असते. यंत्र वारंवार बंद पडू लागले की या सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना जोडून त्याला बाजूला सारले जाते. गीझर अखंड चालू लागतो, कारागिराची वाहवा होते. प्रत्यक्षात पहारेकऱ्याचे डोळे बांधलेले असतात. बंद खोलीत प्राणवायू कमी होत असल्याने यंत्र थांबत होते, हे त्या घरातील कोणालाच कळत नाही.

या धोक्याचे प्रमाण एका साध्या गणिताने लक्षात येईल. मिनिटाला ६ लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवणारा गीझर पाण्याला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता देतो, म्हणजे ३ किलोवॅटच्या विजेच्या गीझरच्या तिपटीहून अधिक. पाइप गॅसवर यासाठी तासाला साधारण सव्वा घनमीटर वायू जळतो. मिथेनच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे सुमारे दहा भाग लागतात. म्हणजे तासाला बाराएक घनमीटर हवा. आपल्याकडील चार फूट बाय सहा फूट, नऊ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा सहा घनमीटरच असते. दार-खिडकी बंद असेल, तर अर्ध्या तासात संपूर्ण खोलीच्या हवेइतकी हवा त्या ज्योतीला लागते. चौघांची प्रत्येकी आठ मिनिटांची स्नाने म्हणजे बत्तीस मिनिटे. प्रत्यक्षात इतका वेळही जावा लागत नाही. प्राणवायू थोडा कमी होताच ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसगळती ओळखता यावी म्हणून घरगुती गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, पण ते ज्वलनात जळून जाते आणि तयार होणाऱ्या विषारी वायूला मात्र वासाची पूर्वसूचना नसते. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने जोडला जातो. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते. आत असलेल्या व्यक्तीला धोका जाणवतो, तोवर कडी काढण्याइतकी शक्ती उरलेली नसते. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी स्नानाच्या वेळी आकडी आणि बेशुद्धी येण्याच्या अशा घटनांना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत स्नानास गेलेल्या एका शाळकरी मुलीचा अशाच प्रकारे मृत्यू झाला. त्या वृत्ताने मुंबई-ठाण्यातील अनेक घरांनी आपला गीझर प्रथमच नीट न्याहाळला.

भारतीय मानक ब्युरोने एलपीजीवर चालणाऱ्या लहान घरगुती गीझरसाठी २००५ मध्ये आयएस १५५५८ हे मानक प्रसिद्ध केले. खरेदी करताना यंत्रावर मानकचिन्ह आहे का, हे अवश्य पाहावे. परंतु उत्तम यंत्रही चुकीच्या जागी सुरक्षित राहत नाही. गॅस गीझरची जागा न्हाणीघराबाहेर, सज्जात किंवा मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत असावी आणि तेथून फक्त गरम पाण्याची नळी आत यावी. ड्राय बाल्कनी काचांनी बंद करून घेतलेली असेल, तर ती बाल्कनी न राहता दुसरे बंद न्हाणीघरच होते. आपल्याकडील न्हाणीघरांच्या खिडक्या बहुधा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये उघडतात आणि थंडीत त्यांच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावले जाते. तो पुठ्ठा आजच काढावा. एक्झॉस्ट पंखा लावल्याने काम भागते, असाही समज आहे. हवा आत येण्यास दाराखाली किंवा खिडकीत वाट नसेल, तर पंखा फिरत राहतो, पण हवा बदलत नाही.

जागा बदलणे तूर्त शक्य नसेल, त्या घरांनी एक शिस्त पाळावी. दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर आणि गॅसची चावी बंद करावी, आणि त्यानंतरच दार लावून स्नान करावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेले वृद्ध यांच्या बाबतीत तर ही शिस्त अपवादाविना पाळावी. स्नानाला गेलेल्या व्यक्तीचा आवाज काही मिनिटे आला नाही, तर संकोच न करता हाक मारावी.

प्रसंग ओढवलाच, तर प्रथम दार उघडून किंवा तोडून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाहेर काढणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. रुग्णालयात पोहोचताच ‘गॅस गीझर चालू होता’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावण्याचे यंत्र अशा रुग्णात प्राणवायूचे प्रमाण ठीक असल्याचे दाखवू शकते, कारण त्याला प्राणवायू आणि हा विषारी वायू यांतील भेद कळत नाही. तो आकडा पाहून ‘चक्कर आली असेल’ असे मानून घरी थांबणे प्राणावर बेतू शकते. गॅसचा वास येत असेल, तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चावी बंद करून खिडक्या उघडाव्यात. घराबाहेर आल्यावर सिलिंडरसाठी १९०६ या मदत क्रमांकावर आणि पाइप गॅससाठी बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

कारागीर आल्यावर गृहिणीने किंवा गृहस्थाने त्याला चार प्रश्न नम्रपणे, पण ठामपणे विचारावेत. भाराखाली सेल मोजले का? पाण्याची जाळी आणि ज्योतीची सुई पाहिली का? कोणत्याही सेन्सरच्या तारा थेट जोडल्या नाहीत ना? ज्योत निळी आणि स्थिर आहे का? जुना भाग परत मागून घ्यावा आणि काम झाल्यावर झाकण लागण्यापूर्वी ज्योत स्वतः पाहावी. पूर्वी कोणी सेन्सरची तार जोडून ठेवली असेल, तर तीही याच वेळी दिसते आणि दुरुस्त करून घेता येते. दिवाळीची साफसफाई घरोघरी होतेच. त्याच आठवड्यात वर्षातून एकदा गीझरची तपासणी करून घेतली, तर हिवाळ्यातील बहुतेक धांदल टळते.

यंत्र थांबले की मनुष्याला त्याचा राग येतो. पहाटेच्या घाईत तो येणे स्वाभाविकही आहे. त्या दिवशी चुलीवर पातेलेभर पाणी तापवावे, एखादी लोकल चुकू द्यावी, पूजेला थोडा उशीर होऊ द्यावा. गीझर का थांबला, याचे उत्तर मिळेपर्यंत त्याला बळजबरीने चालू करू नये. जी डबी आज ज्योत विझवून आपली गैरसोय करीत आहे, तिने कदाचित नुकतेच घरातील एखाद्याचे प्राण वाचवले असतील.